पंचफुलाची न शिजणारी डाळ

पंचफुलाच्या डाळीत दाणा वेगळा आणि पाणी वेगळं असे. चिमटीत धरून दाबला तर दाणा दबे, पण फुटत नसे, आणि आत पांढरा कडक टिपका तसाच राहिलेला दिसे. भिलाईला आल्यापासून हे असंच चाललं होतं. तीच बाई गावी होती तेव्हा तिच्या हातचं वरण पळीवरून रेशमासारखं घसरत असे.

कॅम्प-१ च्या कडेला, जिथं बराकी संपून झोपड्या सुरू होत, तिथं तिची खानावळ होती. खानावळ म्हणजे तट्ट्याच्या दोन भिंती, वर पत्रे आणि मोठी चूल. नवरा चंपत पोलाद कारखान्याच्या बांधकामावर सळया बांधायला जाई. समोर दिवसभर काही ना काही जमिनीत ठोकलं जात असायचं, आणि त्याचा दणका चुलीवरच्या भगोन्यापर्यंत येई. भगोन्यातलं पाणी थरथरे. डाळ मात्र हलत नसे.

जेवणारे सगळे विदर्भातले. कोणी भंडाऱ्याचा, कोणी उमरेडचा, कोणी वर्ध्याचा. दोन वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन आलेली ही माणसं. घरातले देव नदीत सोडून ती कामाच्या शोधात इकडे आली होती. त्यांच्यातला देवाजी फिटर होता, वस्तीचा पुढारी म्हणावा असा, आणि त्याच्या तोंडाला लगाम नव्हता.

"वयनी, आज छर्रे वाढले का? बंदुकीत भरता येतीन."

"भर अन् झाड माह्यावरच," पंचफुला म्हणे. "पर आंधी जेवून घे, देवाजीभाऊ. उपाशी मानसाचा नेम चुकते."

सगळे हसत. पण हसणाऱ्यांतले काही पुढच्या आठवड्यात दिसत नसत. पलीकडे एका तेलुगू माणसाची खानावळ होती आणि तिथं डाळ इतकी पातळ असे की न शिजण्याचा प्रश्नच येत नव्हता. माणसं तिकडे वळू लागली होती.

पंचफुलानं आधी दुकानदाराला धरलं. तूर जुनी असेल, कीड मारायचं औषध लावलेली असेल. चंपत गावी गेला तेव्हा तिनं घरच्या शेजारच्या वावरातली नवी डाळ आणवली. तीही शिजली नाही. मग तिला लाकडाचा संशय आला. इकडे सालवृक्षाचं लाकूड जळतं, आपल्याकडे बाभूळ जळे. जाळ भसकन पेटतो आणि धग टिकत नाही असं तिला वाटलं. तिनं कुठून तरी बाभळीची लाकडं मिळवली. डाळ तशीच राहिली. मग भांडं बदललं, जर्मनचं भगोनं बाजूला ठेवून मातीचं मडकं घेतलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण दोन गोष्टी बदलल्या तर दोष कुणाचा ते कळणार नाही, एवढं तिला आपोआप कळत होतं.

"सोडा टाक ना थोडासा," चंपत म्हणाला.

सोडा टाकल्यावर डाळ मऊ झाली. पण तिला साबणाची चव आली, आणि फकिराबाबा, जो रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनांचे बॉयलर धुवायचा, ताट सरकवत म्हणाला, "पोरी, दिवसभर मी इंजिनचं पोट धुतो. तू माह्यं धुवून राह्यली काय?"

सोडा बंद झाला. सोड्यानं डाळ मऊ होते हे ठीक, पण तो नसताना का होत नाही हा प्रश्न त्यानं सुटत नव्हता. तो फक्त झाकला जात होता.

सासूचं नाव भागीरथा. तिच्याकडे उत्तर पहिल्या दिवसापासून तयार होतं.

"देव बुडवले तुमी. आता अन्न शिजन कसं?"

"तुमीबी बुडवले, आत्या. तुमच्याच हातानं."

"बुडवले. पर मी मांगं वळून पाह्यलं होतं."

तिनं चंपतकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. आषाढातल्या आखाडीच्या सणापर्यंत डाळ शिजली नाही तर चुलीमागं मरीमाय मांडायची. एखादा चांगला दगड पाहायचा, त्याला शेंदूर लावायचा आणि निवद दाखवायचा. चंपत उपाशी पोटी होता, जेवणारे कमी होत होते, तो पटकन "बरं" म्हणाला. पंचफुलाला मात्र त्या दिवसापासून झोप नीट लागेना. तिची भीती दगडाची नव्हती.

"मांडली अन् एखाद्या दिवशी डाळ शिजली तर?" ती चंपतला म्हणाली. "मंग जनमभर मरीमायच शिजवन. मी कोन? अन् उद्या पोरगं आजारी पडलं, छत गळलं, की पुन्हा शेंदूर. जे समजत नाही त्याले शेंदूर लावाचा नाही, हेच ठरवून आलो ना आपन?"

"ठरवलं होतं," चंपत म्हणाला. "पर तव्हा डाळ शिजत होती."

उन्हाळा लागला होता. आखाडीच्या आत तिला कारण सापडायला हवं होतं.

कारणाचा पहिला धागा दही विकणाऱ्या एका छत्तीसगढी बाईनं दिला. ती जवळच्या गावातून डोक्यावर मडकं घेऊन येई. चुलीवरची डाळ पाहून ती सहज म्हणाली, "दाई, कुआँ के पानी म दार नइ चुरय. तरिया के पानी लान." विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तळ्याचं आण. तिच्या गावात हे सगळ्यांना माहीत असावं, पाणी खाली वाहतं हे माहीत असतं तसं. का, असं विचारल्यावर ती हसली आणि दह्याचा भाव सांगू लागली.

पंचफुला उभीच राहिली. डाळ, लाकूड, भांडं, सगळं बदलून झालं होतं. पाणी बदलायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिच्याच काय, वस्तीत कुणाच्याच आलं नसतं.

कारण ती विहीर त्यांची होती. गावाकडे त्यांना विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता. नाल्याच्या वाळूत झिरा खणायचा आणि वाटीवाटीनं पाणी भरायचं, हे तिच्या आजीनं केलं, आईनं केलं, तिनं केलं. इथं आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात देवाजीनं माणसं गोळा केली आणि पाळी सुटल्यावर रोज थोडं थोडं करून विहीर खणली. वर लाल मुरूम लागला, पहारीला न जुमानणारा. मग पिवळी चिकण माती. मग पांढरट राखाडी दगड, थरावर थर ठेवल्यासारखा. त्या दगडाच्या फटीतून पाणी आलं तेव्हा मोठमोठी माणसं रडली होती. पाणी थंड, नितळ, चवीला गोड. वाटसरूला ते आवर्जून पाजलं जाई. या पाण्यात काही खोट असेल असं म्हणणं म्हणजे घरातल्या लेकराकडे बोट दाखवण्यासारखं होतं.

तरी ती तळ्यावर गेली. वस्तीच्या वर, भाठा म्हणतात त्या माळावर, जिथं लाल खडीशिवाय काही नाही आणि गवतही विचार करून उगवतं, तिथं उतारावर एक जुनं तळं होतं. त्यात पावसाचं पाणी साठे आणि तिथंच राही. पाणी गढूळ होतं. तिनं ते फडक्यानं गाळलं, तुरटी फिरवली आणि डाळ टाकली.

डाळ शिजली. इतकी शिजली की पळी फिरवायचीही गरज उरली नाही.

पण पंगतीत पहिल्या घासालाच देवाजी थांबला. "वयनी, याले वास कायचा येऊन राह्यला?"

डिझेलचा. कुण्या ठेकेदाराचे ट्रक त्या तळ्यावर धुतले जात होते. पंचफुलानं काठावर पाण्यावरचे रंग पाहिले होते, जांभळे, हिरवे, मोरपिसासारखे, आणि तिला ते सुंदर वाटले होते. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम बघायला गेली. म्हशी पाण्यापर्यंत येऊन नाक वर करून परत फिरत होत्या. काठच्या लाल मातीत काळे पट्टे पडले होते. ज्या पाण्यानं वाटेत कुठल्याही दगडाला शिवलं नव्हतं, त्याला माणसानं गाठलं होतं.

त्या दिवशी पंगतीत मात्र वासापेक्षा देवाजीच्या मनाला दुसरीच गोष्ट लागली होती.

"तळ्याचं पानी? आपली विहीर सोडून?"

"विहिरीच्या पान्यात शिजत नाही, देवाजीभाऊ. मी पाह्यलं ना करून. तेच डाळ, तेच चूल."

"मंग आता नाल्यावरबी जा. तिथंबी शिजत होती. नालाच बरा होता म्हनतं का?"

पंचफुलानं पळी वरणात परत ठेवली. नाल्यावर डाळ शिजत होती हे खरं होतं. पूर्वजांना ज्या पाण्यावर ढकललं ते मऊ होतं, आणि हक्कानं मिळवलेलं पाणी कडक होतं. पाण्याला हे काही माहीत नव्हतं. ते फक्त आपण कुठून आलो ते सोबत घेऊन येतं.

भागीरथानं आखाडीची वाट पाहिली नाही. "पानीबी पाहून झालं तुहं," ती म्हणाली आणि विहिरीतून निघालेल्या दगडांच्या ढिगाकडे गेली. तिथून तिनं एक दगड उचलला, एका बाजूनं गोल, दुसऱ्या बाजूनं नुकताच फुटलेला. गोल बाजूला शेंदूर लावला, चुलीमागं मांडला, हळद-कुंकू वाहिलं आणि लिंबू कापून वर पिळलं. पंचफुला पाणी भरायला गेली होती. ती आली तेव्हा सासू हात जोडून बसली होती.

"पाह्य. पाह्य वं. जागी झाली."

शेंदरावरून ओघळलेला लिंबाचा रस फुटक्या बाजूवर आला होता आणि तिथं बारीक फेस येत होता. अगदी बारीक बुडबुडे, एकमेकांना चिकटलेले. कान जवळ नेला तर हलका सूं असा आवाजही येत होता.

पंचफुलानं भरलेली घागर खाली ठेवली. डोळ्यांसमोर दिसत होतं ते नाकारता येत नव्हतं. तिनं खाली बसून बराच वेळ पाहिलं. मग ती उठली, उरलेली लिंबाची फोड उचलली आणि बाहेर गेली.

"कुठं चालली? निवदाचं लिंबू हाये ते!"

ती ढिगाजवळ गेली. दुसरा दगड घेतला, पहारीवर आपटून फोडला, लिंबू पिळलं. फेस आला. तिसऱ्यावरही आला. मग लाल मुरमाचा खडा घेतला, त्यावर रस नुसता ओघळला. पिवळ्या मातीवर नुसता जिरला. पाट्यावर पिळून पाहिलं, तो काळा दगड चंपतनं गावाकडून आणला होता, तोही गप्प. फेस फक्त विहिरीच्या तळच्या दगडाला येत होता, आणि शेंदूर लागलेला असो वा नसो, सारखाच येत होता.

ती परत आली तेव्हा तिची नजर पाणी तापवायच्या हंड्यावर गेली. त्याच्या आत काठाला पांढरी खरपुडी धरली होती. ती रोज राखेनं घासे, रोज ती पुन्हा धरे. इतके महिने ती तिला फक्त घासायची गोष्ट वाटत होती. तिनं नखानं थोडी खरवडली आणि वर लिंबू पिळलं.

फेस आला.

दुपारी फकिराबाबा जेवायला आला तेव्हा तिनं त्याच्यापुढे ताटाऐवजी ती खरपुडी ठेवली.

"हे काय वाढलं?"

"बाबा, इंजिनच्या पोटात हेच असते का?"

म्हाताऱ्यानं ती बोटांत चुरली. "हेच. याच्याहून जाड. नळ्याच बुजवून टाकते. पान्यात दगड असते ना, पोरी. पानी उकळलं का दगड मांगं राह्यते. काही टेसनचं पानी डायवर घेतच नाही. म्हनतेत, हे पानी इंजिनले पचत नाही."

"दगड पान्यात असते तर दिसत कावून नाही?"

"साखर दिसते का?" फकिराबाबा म्हणाला. मग त्यालाच आपलं उत्तर पुरेसं वाटलं नाही. "पर साखर उकळून खाली बसत नाही. हे बसते. ते कसं, मले नाही माहीत. शेडमधी पानी आंधी टाकीत बसवतेत, चुना अन् सोडा टाकून. खाली गाळ राह्यते, वरचं पानी इंजिनले. चुना मले समजत नाही, दगड काढाले पुन्हा दगडच टाकतेत."

दोघांनाही जे माहीत नव्हतं ते असं आहे. पाऊस पडताना हवेतला एक वायू थोडा थोडा पोटात घेतो, आणि जमिनीत शिरल्यावर कुजलेल्या पाल्यापासून, मुळांपासून आणखी घेतो. पाणी किंचित आंबट होतं, जिभेला न कळण्याइतकं. भाठ्याच्या मुरमाचं ते काही बिघडवू शकत नाही. अगणित पावसाळ्यांनी त्यातलं विरघळण्यासारखं सारं कधीच धुऊन नेलं आहे, मागे राहिला तो लोखंडाचा गंज. म्हणून ती जमीन लाल, आणि म्हणून गरीब. पण खाली चुनखडीचा दगड लागला की ते आंबट पाणी त्याला खाऊ लागतं. फटी रुंद होतात. दगड पाण्यात उतरतो आणि नितळ होऊन विहिरीत येतो. लिंबानं जे क्षणात केलं तेच पाऊस जमिनीखाली फार सावकाश करत असतो. आणि पाणी उकळलं की तो वायू निघून जातो, आंबटपणा जातो, आणि दगडाला पाण्यात राहायला कारण उरत नाही. तो पुन्हा दगड होऊन भांड्याला धरतो. उकळायच्या आधीच डाळ टाकली तर तो डाळीच्या दाण्यात घुसून त्याला घट्ट आवळतो. तीच चुनखडी त्याच वेळी जवळच्या नंदिनी गावच्या खाणीतून पोलादाच्या भट्ट्यांसाठी आणायची तयारी चालली होती. सगळी भिलाईच त्या दगडाच्या मागे लागलेली होती.

पंचफुलानं एवढं ऐकलं नव्हतं. तिनं फक्त "उकळलं का दगड मांगं राह्यते" आणि "आंधी बसवतेत" एवढंच धरलं. संध्याकाळी तिनं मोठा हंडा विहिरीच्या पाण्यानं भरला आणि त्याला डाळ न टाकता खळखळा उकळू दिलं. वर पांढरट तवंग आला. जळण संपत चाललेलं पाहून चंपत दोनदा उठून आला.

"पानीच शिजवून राह्यली का?"

"हो. पान्यातलं काढून राह्यली."

हंडा झाकून ठेवला. सकाळी पाणी न हलवता वरचं वरचं फडक्यातून मडक्यात घेतलं. हंड्याच्या तळाशी बारीक पांढरी पूड बसली होती. त्या पाण्यात तिनं डाळ टाकली आणि चुलीपुढून हलली नाही. आधण आलं. दाणे फुगले. मग एक दाणा मधोमध उकलला, मग दुसरा, मग भगोन्यात सगळीकडे पिवळा ढग फिरू लागला. सासू मागून पाहत होती. पंचफुलानं एक दाणा चिमटीत दाबला, आणि तो फुटला.

देवाजी दोन दिवस तेलुगूकडे जेवत होता. पंचफुला त्याला बोलवायला गेली, पण पंगतीत नेलं नाही. विहिरीच्या ढिगाजवळ नेलं आणि हातात लिंबू दिलं.

"पीळ."

"अन् काय होईन?"

"पीळ तं."

त्यानं पिळलं. फेस पाहून त्याचे डोळे आधी बारीक झाले, मग मोठे. तिनं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, आणि दगड हातात फिरवत होता. हा थर लागला तेव्हा पहिली पहार त्यानंच मारली होती.

"म्हंजे विहीरच खराब."

"खराब कावून? पानी गोड हाये, थंड हाये, मी तेच पेते. तिच्या अंगात दगड हाये, एवढंच."

"लोक काय म्हनतीन? याइची विहीर, अन् याइचीच डाळ शिजत नाही."

"देवाजीभाऊ, आपली हाये म्हनून तिले काही इचारूच नाही का? मानूस आपल्याच मानसाले तं इचारते. नाल्याले कोन इचारत होतं? जे भेटलं ते पेलो."

देवाजी ढिगाकडे वळला. त्यानं आणखी एक दगड फोडला आणि त्यावरही लिंबू पिळलं. मग तो तुकडा खिशात घातला. दुपारी तो जेवायला आला, वरण दोनदा घेतलं, आणि कुणीतरी "आज कोन्या पान्याची?" असं विचारल्यावर पंचफुलाच्या आधी तोच म्हणाला, "आपल्या विहिरीची. फक्त आंधी बसवा लागते. बाकीच्याइले माहीतच नाही, म्हनून त्याइची शिजत नाही."

पंचफुलानं पदर तोंडाला लावला.

सगळे गेल्यावर भागीरथा चुलीमागं जाऊन बसली. दगड तिथंच होता. लिंबाच्या रसानं फुटक्या बाजूवर छोटेसे खळगे पडले होते.

"मी म्हनत नोती?" ती शेवटी म्हणाली. "हेच डाळ शिजू देत नोती."

"हेच नोती शिजू देत, आत्या. तुमचं खरं हाये."

सासूला हे अपेक्षित नव्हतं. तिनं सुनेकडे रोखून पाहिलं, चेष्टा तर नाही ना म्हणून.

"मंग?"

"मंग काय. विहिरीभर हेच हाये. हंड्याले हेच, इंजिनच्या पोटात हेच. तुमी एकच मांडून ठेवली. बाकीच्याचं काय कराचं?"

म्हातारीनं दगड ओढून जवळ घेतला. मग बोट ओलं करून तिनं कडेचा शेंदूर पुसून पाहिला. तो सहज निघाला. खाली राखाडी दगड होता, त्यात फिकट वळ्या एकात एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या. तिनं पदरानं सगळाच पुसला आणि दगड सुनेच्या हाती दिला.

"घे. ढिगावर टाकून ये. पायात येईन कोनाच्या."

पंचफुला दगड घेऊन दारापर्यंत गेली तोच मागून आवाज आला.

"थांब वं. इतका दगड प्यालो आपन सालभर. तो मंग गेला कुठं? पोटातच हाये काय?"

पंचफुला थांबली. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिनं हातातल्या दगडाकडे पाहिलं, मग सासूच्या तोंडाकडे.

"मले नाही माहीत, आत्या."

"फकिराले इचारजो," भागीरथा म्हणाली. "अन् त्याले नसन माहीत तं आनखी कोनाले इचारू."